न मिळणाऱ्या पुस्तकांचा हक्क

१ जानेवारी २०३० या तारखेकडे माझे डोळे लागले आहेत. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे दोघंही १९६९ साली गेले, जेमतेम महिन्याभराच्या अंतराने. लेखक गेला की पुढचं वर्ष उजाडल्यापासून साठ वर्षं मोजायची, असं आपला कॉपीराइट कायदा सांगतो. या दोघांची साठ वर्षं २०२९ च्या अखेरीला भरतील. मग त्यांचं लेखन कोणालाही छापता येईल, स्कॅन करून इंटरनेटवर ठेवता येईल, वाचून रेकॉर्ड करता येईल, आणि त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागणार नाही. जी. ए. कुलकर्णींसाठी २०४८ उजाडावं लागेल, कुसुमाग्रजांसाठी २०६०. नामदेव ढसाळ २०१४ साली गेले, त्यांची कविता २०७५ मध्ये मोकळी होईल. आज कॉलेजात ढसाळ वाचून हादरलेली मुलगी तेव्हा सत्तरीत असेल.

मी पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करते. प्रुफं, करारपत्रं, परवानग्या, वितरकांची बिलं, सगळं एकाच टेबलावर येतं. त्यामुळे पीडीएफ आणि पायरसीवरून जे भांडण होतं, त्यातल्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या कामात आहेत. एकीकडे लेखक आणि प्रकाशक चिडून म्हणतात, फुकट्यांनी आम्हाला बुडवलं. दुसरीकडे वाचक म्हणतात, पुस्तक मिळत नाही, परवडत नाही, मग आम्ही करायचं काय? हे भांडण 'कॉपीराइट आहे की नाही' या प्रश्नावर अडकून पडतं आणि मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. मी आधी विचारते, ते पुस्तक आज विकत मिळतं का? मिळत असेल तर त्याची पीडीएफ फिरवणं ही चोरी आहे, आणि मराठीला ती फार महाग पडते. पण जे पुस्तक चाळीस वर्षांत कुणी छापलं नाही, जे कुठल्याच दुकानात नाही, तेही साठ वर्षं कुलपात ठेवणं हा अन्याय आहे. तो अन्याय कायदाच करतो, कारण या दोन पुस्तकांतला फरक त्याला दिसत नाही.

आधी चोरीबद्दल.

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या आमच्या एका लेखकाचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, पहिलीच कादंबरी, लिहायला कैक वर्षं लागलेली. म्हणाले, "ताई, आमच्या व्याह्यांनी मला एक पुस्तक पाठवलंय. फार सुंदर आहे, वाचाच म्हणून. उघडून बघतो तर माझंच." त्यांनी ती फाइल मला पुढे पाठवली. मोबाइलने काढलेले फोटो होते, पानाच्या कडेला अंगठा, काही पानं तिरकी, एका पानावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. आमच्या संस्थेचं नाव, किंमत आणि आवृत्तीची माहिती असलेलं पान गाळलेलं. त्या जागी एका टेलिग्राम चॅनलचं बोधचिन्ह. पण त्याच्या मागचं कोरं पान तसंच राहिलं होतं. त्यावर निळ्या शाईत 'स्नेहपूर्वक भेट', खाली लेखकाची सही, आणि वरचं नाव पेनाने गिरवून गिरवून खोडलेलं. त्यांनी स्वतः कुणाला तरी भेट दिलेली प्रत होती ती. "नाव खोडलंय, पण अक्षर माझंच आहे ना," एवढंच म्हणाले. कुणाची प्रत असेल याचा शोध त्यांनी घेतला नाही, मीही सुचवला नाही.

त्या पुस्तकाचा हिशेब मांडते, कारण भांडणारे बहुतेक जण तो कधी पाहत नाहीत. किंमत ३०० रुपये. त्यातले १२० च्या आसपास वितरक आणि विक्रेता यांच्या कमिशनमध्ये जातात. कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ मिळून ऐंशी-नव्वद. लेखकाचं मानधन दहा टक्के, म्हणजे ३० रुपये. उरलेल्यातून अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, गोदामाचं भाडं, टपाल, पगार. आवृत्ती हजाराची. हल्ली बरेच जण पाचशेचीच काढतात. निम्म्याहून अधिक प्रती गेल्या की घातलेला पैसा परत येतो, आणि त्यापुढे ज्या विकल्या जातात त्यांच्यावर पुढच्या वर्षीचं एखादं नवं पुस्तक उभं राहतं. मराठी बोलणारे आठ कोटींवर आहेत, पण आमच्या धंद्याचं गणित या शेवटच्या तीन-चारशे प्रतींवर चालतं. पीडीएफ खाते ती नेमकी याच प्रती.

नावाजलेल्या लेखकाची पुस्तकं पीडीएफ फिरल्यानंतरही खपतात. त्यांचा वाचक आवर्जून छापील प्रत घेतो, भेट देतो, कपाटात ठेवतो. मरतो तो नवा लेखक. त्याचं पुस्तक तोंडोतोंडी पसरतं, आणि हल्ली तोंडोतोंडी म्हणजे व्हॉट्सअॅपवर. कुणी म्हणालं, 'अमुक कादंबरी वाचली का?' की उत्तरात फाइलच येते. एका तालुक्याच्या गावात शिक्षकांचा वाचनगट आहे. पूर्वी नवं पुस्तक आलं की तिथून एकगठ्ठा मागणी यायची, सवलत द्या म्हणून घासाघीस व्हायची, पार्सल एसटीने जायचं. आता एक प्रत जाते. 'पीडीएफ वाचणारा तसाही विकत घेणार नव्हता' हे वाक्य मी खूपदा ऐकते, आणि काही वाचकांपुरतं ते खरंही असेल. पण त्या गटातली माणसं विकत घेत होती.

यात वाईट वाटतं ते असं, की ही फाइल पाठवणारे दुष्ट नसतात. त्यांना पुस्तक आवडलेलं असतं म्हणून ते पाठवतात. लेखकाच्या व्याह्यांनी कौतुकानेच पाठवलं. आणि ज्या गावातून पुस्तकाच्या दुकानात जायला जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं, त्या गावातल्या माणसाला मी काय तोंडाने नीतिपाठ द्यायचा? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांची अनुदानित वाचनालयं गावोगावी आहेत. त्यांची अवस्था तिथे काम करणाऱ्यांना विचारा. अनुदान हप्त्याहप्त्याने, ग्रंथपालाचा पगार त्याला स्वतःला सांगायची लाज वाटावी इतका, आणि वर्षअखेरीला घाईघाईने जास्तीत जास्त कमिशन देणाऱ्याकडून उचललेली पुस्तकं. किनवटकडच्या एका मुलीचा मेल आला होता, "मॅडम, पुस्तकाची पीडीएफ मिळेल का? मी पैसे भरते." पैसे द्यायला ती तयार होती आणि आमच्याकडे ई-बुक नव्हतं. मराठीतले अनेक प्रकाशक ई-बुक काढत नाहीत, कारण काढलं की फुटेल ही भीती. पण न काढल्यानेही पुस्तक फुटतंच, तेही अंगठ्यासकट आणि तिरक्या पानांसह. मग प्रामाणिक वाचकासाठी दुकानच उघडायचं नाही, याला काय अर्थ? या एका बाबतीत माझं माझ्याच व्यवसायातल्या माणसांशी जमत नाही.

चॅनल चालवणाऱ्यांबद्दल मात्र माझ्या मनात मुळीच सहानुभूती नाही. त्यांना पुस्तक आवडलेलं नसतं. ते सदस्य वाढवतात, जाहिराती घेतात, परीक्षार्थी मुलांना 'प्रीमियम ग्रुप'च्या नावाखाली दुसऱ्याच्या नोट्स विकतात. यांच्यामागे लागायचं तर कायदा काय देतो? १९५७ च्या कायद्याचं कलम ६३ आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. ज्या मंचावर फाइल आहे त्याला नोटीस पाठवली तर छत्तीस तासांत ती बंद करायची आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर पुन्हा चालू करता येते, अशी २०१३ च्या नियमांत सोय आहे. आता एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणणारा शिक्षक-लेखक मला दाखवा. २०२० मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, एका मोठ्या हिंदी वृत्तपत्रसमूहाने आपल्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरतात म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि चॅनल बंद करण्याचा आदेश मिळवला. २०२२ मध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या नीतू सिंग यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, ही सबब चालली नाही. निकाल चांगले आहेत. पण दिल्लीतल्या वकिलाच्या एका तारखेची फी आमच्या अख्ख्या आवृत्तीच्या मानधनापेक्षा जास्त असते.

ज्यांना ती फी परवडते, ते काय करतात तेही पाहा. सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधीच निर्माते कोर्टात जातात आणि अज्ञात चोरांविरुद्ध सरसकट आदेश घेतात. अशा दाव्यात प्रतिवादी माहीत नसतो म्हणून आपल्याकडे 'अशोक कुमार' हे नाव घालण्याची रीत आहे. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी अख्खी संकेतस्थळंच बंद करून टाकली होती. नुसत्या ठरावीक पानांपुरताच आदेश आहे, हे कोर्टाला नंतर स्पष्ट करावं लागलं. ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा तेच झालं. हिंदी सिनेमावाल्यांनी अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी कोर्टापुढे ठेवली, आणि त्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहालय होतं.

इंटरनेट अर्काइव्ह मराठी वाचकाला काय आहे, हे त्या यादी करणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. या शतकाच्या सुरुवातीला डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया नावाचा सरकारी प्रकल्प झाला. देशभरातल्या ग्रंथालयांतली लाखो जुनी पुस्तकं त्यात स्कॅन झाली, त्यांत मराठी पुस्तकंही भरपूर. त्या प्रकल्पाचं स्वतःचं संकेतस्थळ पुढे बंद पडलं, पण स्कॅन केलेली पुस्तकं अर्काइव्हवर टिकली. शंभर वर्षांपूर्वीची नाटकं, मासिकांचे अंक, बखरी, कोश. आमच्या संपादनाच्या कामात रोज कुठला ना कुठला संदर्भ तिथे शोधावा लागतो. एका नव्या सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून हे सगळं दालन काही दिवस भारतात उघडत नव्हतं. ज्यांचे लेखक जाऊन शतक उलटलं, ज्यांच्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही, ती पुस्तकंसुद्धा. कायद्याचा बडगा आंधळा असला की तो कुणाला लागतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता कुलपाबद्दल. इथे मला जास्त बोलायचं आहे.

१९६० च्या दशकात आलेला एक कथासंग्रह आहे. लेखिकेचं नाव इथे देत नाही, कारण तिच्या घरच्यांशी आमचं बोलणं अजून चालू आहे. पुनर्मुद्रण झालं नाही, मूळ प्रकाशन बंद पडलं, लेखिका ऐंशीच्या दशकात गेली. मी तो एका जिल्हा ग्रंथालयाच्या जीर्ण पुस्तकांच्या कपाटात पाहिला. पानं चहाच्या रंगाची, कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो. आतल्या खिशातल्या कार्डावर शेवटचा शिक्का माझ्या जन्माआधीचा. पण कथा! गिरणगावातल्या बायकांच्या बोलण्याचा असा कान त्या काळातल्या फार थोड्या लेखकांना होता. हे पुस्तक परत यायलाच हवं, असं आमच्या संस्थेत सगळ्यांचं एकमत झालं.

मग वारस शोधायला लागलो. लेखिकेला चार मुलं. त्यातली दोघं आता नाहीत, म्हणजे त्यांचा हक्क त्यांच्या मुलांकडे. एक नागपूरला, एक इंदूरला, नात कॅनडात, एका नातवाशी बाकीच्यांचाच संपर्क तुटलेला. कॉपीराइट ही वारसाहक्काने जाणारी मालमत्ता आहे, जमिनीसारखी. सातबाऱ्यावर जशी नावं वाढत जातात तशी इथेही वाढतात, फक्त हा सातबारा कुठल्याच तलाठ्याकडे नसतो. जे भेटले त्यातल्या एकानेही नकार दिला नाही, एकानेही पैशाचं विचारलं नाही. कॅनडातल्या नातीने फोनवर विचारलं ते असं, "मावशी, तुमच्याकडे त्याची पीडीएफ आहे का हो? आजीचं पुस्तक मी कधी बघितलंच नाही." कायद्याने ती त्या पुस्तकाच्या मालकांपैकी एक होती. तिला मी ग्रंथालयातल्या प्रतीचं स्कॅन पाठवलं. दोन दिवसांनी तिचा लांबलचक मेल आला, कुठल्या कथेतली सासू कोण, आणि कुठली चाळ खरी, हे तिने आईला विचारून लिहून काढलं होतं. ती टिपणं पुनर्मुद्रणाच्या प्रस्तावनेत घालायची आहेत. पण एक सही मिळत नाही, म्हणून पुस्तक अडलं आहे.

मालक सापडत नसेल तर काय, याचा विचार कायद्याने केला आहे. कलम ३१-अ. अर्ज करायचा, परवानगी मागायची, ठरेल ती रॉयल्टी जमा करायची. पूर्वी हा अर्ज कॉपीराइट मंडळाकडे जायचा, मग न्यायाधिकरणाकडे, आणि २०२१ मध्ये तेही बरखास्त झाल्यापासून न्यायालयात. अर्जाआधी जाहीर नोटीस द्यावी लागते, ती देशाच्या बहुतांश भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात. भाषांतर काढायचं असेल तरच त्या भाषेतल्या वर्तमानपत्रात दुसरी नोटीस. म्हणजे मराठी लेखिकेचं मराठी पुस्तक मराठीतच काढायचं, आणि तिच्या हरवलेल्या नातवाचा शोध इंग्रजी पेपरात घ्यायचा. तो मुलगा कुठला पेपर वाचत असेल कोण जाणे, पण गिरणगावातल्या कुणा जुन्या शेजाऱ्याने मराठी पेपरात नोटीस पाहून फोन केला असता, ही शक्यता कायद्याने विचारातच घेतलेली नाही. त्या इंग्रजी नोटिशीचा खर्च आणि वकिलाची फी धरली तर एवढ्यात दोन नवी पुस्तकं निघतील. त्यामुळे छोटा प्रकाशक हात जोडतो आणि पुस्तक कपाटात परत जातं. आणि असं हे एकच पुस्तक नाही. जुन्या मासिकांच्या जाहिराती चाळल्या तर शेकडो नावं दिसतात, ज्यांचे लेखक कॉपीराइटच्या मुदतीत आहेत आणि पुस्तकं कुठेच नाहीत. तो जाड, आम्लयुक्त कागद आणखी तीस-चाळीस वर्षं थांबणार नाही. हक्क संपेल तेव्हा छापायला प्रतच उरलेली नसेल.

ही साठ वर्षं तरी कुठून आली? मुळात १९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतर पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे होते, ते १९९१ च्या अखेरीस संपणार होते. मग १९९१ संपता संपता वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने देशातल्या प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक लेखकाची मुदत दहा वर्षांनी वाढली. विश्वभारतीची अडचण मला समजते. पण एका संस्थेच्या अडचणीसाठी सगळ्या भारतीय भाषांच्या जुन्या पुस्तकांना दहा वर्षं जास्तीची कोठडी मिळाली, हे चुकलंच. पन्नासच राहिली असती तर अण्णा भाऊ आणि अत्रे २०२० सालीच मोकळे झाले असते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं साहित्य २०११ मध्ये खुलं झालं. 'श्यामची आई'च्या किती तरी आवृत्त्या निघाल्या, काही स्वस्त, काही देखण्या, काहींत अशुद्ध लेखनाचा कहर. पण कुणाचं काही बुडालं नाही, आणि पुस्तक जत्रेतल्या स्टॉलवरही मिळायला लागलं.

कायदा सैल करता येतो, आणि केल्याने आभाळ कोसळत नाही, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने अंध आणि इतर अपंग वाचकांसाठी कुठलंही पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणायला मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला पहिली मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ साली. त्याच सुमारास दिल्लीत एक खटला चालू होता. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं झेरॉक्सचं दुकान, आणि त्याच्यावर दावा लावणारे ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून झेरॉक्स विकतो, हा गुन्हा. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळताना लिहिलं, की कॉपीराइट हा काही ईश्वराने दिलेला किंवा नैसर्गिक हक्क नव्हे. पुढे अपील झालं आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजाबाहेर झेरॉक्सचं दुकान असतं, आणि मराठीत एम. ए. करणाऱ्या मुलांचे निम्मे संदर्भग्रंथ तिथूनच येतात, कारण ते दुसरीकडे कुठे नसतातच.

शास्त्रीय शोधनिबंधांची गोष्ट वेगळी आहे. निबंध फुकट उपलब्ध करून देणाऱ्या 'साय-हब' या संकेतस्थळावर एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्लीत दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने ते बंद करायला सांगितलं. पण तिथे लिहिणाऱ्या संशोधकाला निबंधाचा एक पैसाही मिळत नसतो. ३० रुपयांच्या मानधनाचं आमचं दुखणं तिथे लागू नाही. त्या प्रश्नावर केंद्र सरकारने उत्तर काढलं ते पैशांचं. 'एक देश, एक सदस्यता' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस परदेशी प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मंजूर झाली. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता.

हे दोन निर्णय मी एकापाठोपाठ वाचले आणि मला तमिळनाडू आठवलं. १९४९ साली मद्रास सरकारने सुब्रह्मण्य भारतींच्या साहित्याचे हक्क ताब्यात घेतले आणि पुढे ते लोकांना खुले करून टाकले. तिथून एक परंपराच सुरू झाली. सरकार लेखकाच्या वारसांना एकरकमी रक्कम देतं आणि साहित्य 'राष्ट्रीय' करतं. मग ते कोणीही छापावं, कोणीही ऑनलाइन ठेवावं. आजवर शंभराहून अधिक तमिळ लेखकांचं साहित्य असं खुलं झालं आहे. वारसांना सन्मानाने पैसे मिळतात, वाचकाला पुस्तक मिळतं, आणि पीडीएफ पाठवणारा माणूस चोर ठरत नाही. साठ वर्षं वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्राला हे सुचू नये? महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय सरकारने स्वस्तात दिलं आहे, बाबासाहेबांचे खंड काढले आहेत. ते खंड घ्यायला चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर ज्या रांगा लागतात त्या पाहिल्यावर 'मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही' असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. अभिजात दर्जाच्या निमित्ताने परिसंवाद होतील, कमानी उभ्या राहतील. त्यातला थोडा पैसा बाजूला काढून दर वर्षी वीस अनुपलब्ध लेखकांचे हक्क वारसांकडून घ्या. वारस मिळत नसतील तर सरकारने स्वतः मराठी वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी, रक्कम राखून ठेवावी, वारस आला की त्याला द्यावी. आमच्या त्या कथासंग्रहाचा प्रश्न एका अर्जावर सुटेल.

आणि खुलं केलं तर मोडतोड होईल, ही भीती मला मान्य आहे. आपल्याकडे नक्कल करण्याला कधी पाप मानलं नव्हतं, पोथी उतरवून घेणं ही सेवाच होती. धाक होता तो भेसळीचा. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. आज व्हॉट्सअॅपवर पु. लं.च्या आणि कुसुमाग्रजांच्या नावावर जे फिरतं ते वाचून हाच संताप येतो. म्हणून कायद्यातलं कलम ५७ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हक्क विकले तरी लेखकाचं नाव त्याच्या लेखनावर राहिलंच पाहिजे, त्याची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड करता येणार नाही, असं ते सांगतं. पैशाचा हक्क आटोपता घ्या, पण नावाचा हक्क जपा. त्या शिक्षकाच्या पीडीएफमधून आधी गाळलं गेलं ते नावनिशीचं पानच होतं.

सरकार करील तेव्हा करील. आमच्या नव्या करारपत्रात आम्ही दोन कलमं घालायला लागलो आहोत. पुस्तक सलग दोन वर्षं विक्रीला उपलब्ध नसेल, तर सगळे हक्क आपोआप लेखकाकडे परत. आणि लेखकाच्या पश्चात दहा वर्षं ते कोणीच छापलं नाही, तर त्याला मुक्त परवाना लागू, म्हणजे नाव कायम ठेवून कोणीही छापावं, कोणीही वाटावं. वकिलांनी ते दोनदा तपासून दिलं. लेखक कचरतील असं वाटलं होतं, पण आतापर्यंत सगळ्यांनी सही केली आहे. ते शिक्षक तर दुसऱ्या कादंबरीच्या करारावर सही करायला मुद्दाम पुण्याला आले. आणि एका ज्येष्ठ कवयित्रीने कागद वाचून झाल्यावर पेन मागून घेतलं, दहा खोडून तिथे पाच लिहिलं आणि बाजूला सही केली.